पान एकसष्टवरची बहीण

(पील गावात, धक्क्याजवळ, जिथं पूर्वी मँक्स भाषा बोलत त्या बेटाच्या एका छोट्या वारसा मंडळाचं पुस्तकांचं दुकान. मागच्या खोलीत मंडळाची पुस्तकं तयार होतात. नोव्हेंबरची दुपार. बाहेर वारा.)

क्रेलिनबाई : ...आणि पान बावन्न. तिथं तर कहर केलायस तू.

ब्रीशा : बावन्न? सालात चूक आहे का? मी तीनदा ताडून पाहिलं होतं, क्रेलिनबाई, खरंच...

क्रेलिनबाई : साल गेलं चुलीत. तो बिळातला लांबशेपट्या! त्याला सरळ त्याच्या नावानं छापलंयस. तेही माझ्या आईच्या तोंडी. बाप माझा हेरिंग मासळीच्या होडीवर. त्या घरात ते अपशकुनी नाव कुणी घेतलं असतं?

ब्रीशा : अगं बाई! त्यांचं बोलणं मुद्रित केलेल्या जुन्या टेपवर त्या 'लांबशेपट्या'च म्हणतात. मीच बदललं. म्हटलं, हल्लीच्या वाचकाला कळायला नको?

क्रेलिनबाई : हल्लीच्या वाचकाला शेपूट कळत नाही?

ब्रीशा : खोडते. हे बघा, खोडलं.

क्रेलिनबाई : आता शीळ घाल, म्हणजे दोष जाईल.

ब्रीशा : आलिन उठेल हो. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा.

क्रेलिनबाई : मग लाकडाला हात लाव. तेवढ्यावर भागव.

ब्रीशा : लावला. एक मिनिट हं... नाही, घेतेय श्वास. झोपलीय.

क्रेलिनबाई : झोपलेलं मूल श्वास घेणार नाही तर काय करणार?

ब्रीशा : फार वेळ आवाज आला नाही की मी उठून बघायला जाते. आलिनचा बाबा, ज्युअन, हसतो मला. त्याला काय, तीन आठवडे बोटीवर. तिकडून फोन करतो, 'आलिन कशी आहे?' दवाखान्यातही तेच, वाण्याकडेही तेच. आलिनची आई, आलिनची आई. परवा एका फॉर्मवर स्वतःचं नाव लिहायचं होतं, तर मी तिचंच लिहून बसले.

क्रेलिनबाई : हा बोनागचा पाव खा. सकाळीच भाजलाय.

ब्रीशा : खाते. तेवढं काम उरकू आधी. चार वाजता छापखान्याचा माणूस पानं न्यायला येतोय. आता एकच राहिलं, पान एकसष्टची तळटीप. तुमच्या बहिणीचं जन्मसाल मला कुठंच सापडलं नाही. चर्चच्या वहीत नाही, शाळेच्या पटावर नाही.

क्रेलिनबाई : ते पान ठीक आहे.

ब्रीशा : ठीक आहे, पण साल...

क्रेलिनबाई : ठीक आहे म्हटलं ना? चहा गार होतोय तुझा.

ब्रीशा : तो रोजच होतो. तुमचं बेचाळीस. वॉइरीचं?

क्रेलिनबाई : चव्वेचाळीस. लिही.

ब्रीशा : म्हणजे टेप झाली तेव्हा सात वर्षांच्या. तुम्ही नऊ. कशा होत्या हो त्या?

क्रेलिनबाई : हडकुळी. आणि बडबडी. सकाळी तोंड उघडलं की झोपेतच मिटायचं.

ब्रीशा : तुमच्यासारख्या नव्हत्या म्हणजे.

क्रेलिनबाई : माझ्यासारखी कशाला? घरात कुणीतरी बोलायला नको?

ब्रीशा : आणि आता? आहेत ना?

क्रेलिनबाई : ऑस्ट्रेलियात असते. नाताळाला पत्र टाकते.

ब्रीशा : अय्या, मग त्यांनाही एक प्रत पाठवू या की! पत्ता द्या मला.

क्रेलिनबाई : पत्ता... घरी आहे.

ब्रीशा : हरकत नाही, उद्या फोन करते. मला किती हुरूप आला म्हणून सांगू! एका टेपमागची दोन माणसं अजून आहेत म्हणजे... फक्त एक विचारू? पान अठ्ठावन्नवर तुमच्या आई सांगतात, 'घरात चमचे तीनच. माणशी एक. पाहुणा आला की मी आपली पोळीच्या तुकड्यानं खायची.'

क्रेलिनबाई : मग?

ब्रीशा : वडील, आई, तुम्ही. तीन झाले. वॉइरी कशानं खायच्या?

क्रेलिनबाई : चमचे?

ब्रीशा : माझं काही चुकलं का?

क्रेलिनबाई : कॉलेजात हेच शिकवतात वाटतं. लोकांचे चमचे मोजायला.

ब्रीशा : नाही हो, मी आपलं सहज...

क्रेलिनबाई : मला बहीण नव्हती.

ब्रीशा : अं?

क्रेलिनबाई : भाऊ नाही, बहीण नाही. मॉइरी मीच आणि वॉइरीही मीच. कुणाला माझ्याविषयी सांगायचं तर मॉइरी. मला बोलवायचं तर वॉइरी. आपल्या भाषेत हाक मारली की नावाचं पहिलं अक्षर मऊ होतं, पोरी.

ब्रीशा : अरे देवा. माहीत आहे मला हे! दोन वर्षं गुरुवारच्या मँक्सच्या वर्गाला जातेय मी, पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. पण शाळेत माझ्या बाकावरच एक वॉइरी होती, मागच्या बाकावर दुसरी. मला ते वेगळं नावच वाटलं. आता बारशालाच ठेवतात ना तसं...

क्रेलिनबाई : ठेवतात. हाक उचलून नावाच्या जागी ठेवतात. बरंय एका परीनं. वाया जात नाही.

ब्रीशा : आणि मी तुमच्यातून दोन मुली केल्या. एकीला तर चक्क तळटीप दिली! पण तुमच्याकडं आठ दिवस ही पानं होती. बोलला का नाहीत?

क्रेलिनबाई : सोमवारी वाचलं. हसले. खोडायला पेन्सिलही घेतली. मग म्हटलं, त्रा दि ल्यूर. काय घाई आहे, वेळ पडलाय. मंगळवारी चहा टाकला, तेव्हा मनात आलं, ती साखर किती घेत असेल. बुधवारी बोनाग भाजला तो अर्धाच खाल्ला.

ब्रीशा : क्रेलिनबाई...

क्रेलिनबाई : गुरुवारी भांडलेसुद्धा तिच्याशी. म्हटलं, आईचं शेवटचं सगळं मी एकटीनं काढलं, तू बरी ऑस्ट्रेलियात जाऊन बसलीस. मग शनिवारी माफ केलं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा घरात कुणाला माफ करायला माणूस मिळालं मला.

ब्रीशा : रडू नका हो.

क्रेलिनबाई : रडतेय कोण? वारा आहे. तुमच्या या दाराला फट आहे. ऐक, राहू दे ते पान. कुणाला कळणार आहे? मला आणि तुला.

ब्रीशा : पुस्तक आहे हो ते. उद्या कुणी शिकणारा येईल, तुमच्या आईंच्या बोलण्यावरून भाषा शिकेल...

क्रेलिनबाई : शिकू दे. एका पोरीनं काय बेट बुडतंय? मी गेले की ती पण जाईल. तोवर असू दे.

ब्रीशा : थांबा. आलिन... नाही, नुसतीच हलली. क्रेलिनबाई, मला सांगा, ही टेप तुम्ही ऐकलीय का कधी?

क्रेलिनबाई : नाही. आईचा आवाज ऐकवणार नाही मला. कागदावर आहे तेवढा पुरे.

ब्रीशा : मी पन्नास वेळा ऐकलीय. रोज, आलिनला पाजता पाजता. तुमच्या आई त्या यंत्रवाल्या माणसांना सांगतात, 'मॉइरी कोंबड्यांकडं गेलीय.' मग खुर्ची सरकते. दार उघडतं. वारा इतका, की टेप नुसती घरघरते. आणि त्या वाऱ्यात एकदाच, 'वॉइरी!'

क्रेलिनबाई : हं.

ब्रीशा : तासाभराच्या टेपमध्ये तेवढी एकच हाक. आणि माझी तळटीप म्हणते, 'ही हाक धाकट्या मुलीला.' ते तसंच छापलं, तर त्यांनी तुम्हाला बोलावलंच नाही असं होईल. बहीण ठेवायची तर ती हाक तिला द्यावी लागेल. मी आई म्हणून सांगतेय. मला नाही देववणार.

क्रेलिनबाई : आई माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. आपल्या भाषेनं पोट भरत नाही म्हणायची. जेव, झोप, अभ्यास कर, सगळं इंग्रजीत. हाक तेवढी मँक्समध्ये. म्हणायची, वाऱ्यात इंग्रजी पोचत नाही.

ब्रीशा : पोचली होती?

क्रेलिनबाई : पोचली. खुराड्यामागं लपले होते मी. परकी माणसं, ते एवढं मोठं यंत्र. वाटलं, आपल्याला त्यात घालतील. ओ दिली नाही.

ब्रीशा : हो. टेपवर उत्तर नाही. जरा वेळ वारा, मग दार लागतं.

क्रेलिनबाई : पुढंही मारल्या तिनं हाका. हजार मारल्या, त्यांना ओ दिली. पण त्या टेपवर नाहीत.

ब्रीशा : नाहीत.

क्रेलिनबाई : ती पेन्सिल दे इकडं.

ब्रीशा : मी खोडते ना.

क्रेलिनबाई : माझी बहीण आहे. मी खोडते.

ब्रीशा : घ्या. हळू, कागद फाटेल.

क्रेलिनबाई : झालं. तिथं लिही, 'मुलीला हाक.' पुढं काही नको.

ब्रीशा : लिहिलं. मुलीला हाक.

क्रेलिनबाई : तुझंही बदलतं, ठाऊक आहे? ब्रीशाचं हाकेत व्रीशा होतं.

ब्रीशा : मला नाही मारली कुणी तशी हाक. आमच्या घरी मँक्स नव्हतीच. आणि आलिनचं हो?

क्रेलिनबाई : आलिन तशीच राहते. स्वरानं सुरू होणारी नावं नशीबवान. कुणी हाक मारो न मारो, त्यांचं काही हलत नाही. चल, निघते. चारच्या आत पानं बांधून ठेव.

ब्रीशा : परत या हं. पुस्तक झालं की. आधीही या. काही काम नसलं तरी.

क्रेलिनबाई : बघू. त्रा दि ल्यूर. तो बोनाग संपव, अर्धा ठेवू नकोस. येते, व्रीशा.

ब्रीशा : ...या. सावकाश जा, पायरी ओली आहे. अरे, हातमोजा! क्रेलिनबाई! अहो क्रेलिनबाई, हातमोजा राहिला! ...कुठं ऐकू जातंय. क्रेलिनबाई! आलिन, उठू नकोस गं राणी, आईला एकदाच ओरडू दे... वॉइरी!

क्रेलिनबाई : आले गं, आले!