माशाच्या पोटातली हवा

...आणि आता तुम्हीच सांगा, माशाच्या पोटात हवा राहते, यात शेजारणीचा काय दोष? मी आपली सहज डोकावले होते.

तुम्हाला सांगते, आमच्या शेजारचे टेलरमास्तर. जन्मभर लोकांचे सदरे बेतले, दुकान बंद केल्यावर म्हटलं आता सुखानं पेपर वाचतील, तर नाही, हे गॅलरीत बसून मासे करतात. खायचे नव्हेत हो, गळाला लावायचे नकली, मऊ, लिबलिबीत, बोटात धरला तर शेपूट अशी हलते की क्षणभर आपणच पाण्यात आहोत असं वाटावं... बाटलीत दुधासारखं पातळ प्लॅस्टिक असतं, ते जुन्या मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं, आधी खळीसारखं घट्ट होतं आणि मग बघता बघता काचेसारखं नितळ, त्यात हिरवा रंग नि चिमूटभर चमकी पडली की काय दिसतं म्हणून सांगू, तळ्यात खोलवर ऊन उतरावं ना, तस्सं. मी तर बघता बघता कुठल्या कुठे जाते, घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात. मग ते जाडजूड पिचकारीत ओढायचं, धातूच्या साच्यात दाबायचं, गार झालं की साचा उघडायचा, मासा तयार.

तयार कसला, कपाळ. उजेडात धरावा तर पोटात पोकळी. आणि पोकळी असली की तो सरळ पोहत नाही. मास्तरांनी बादलीत सोडून दाखवला, तर गडी कुशीवर वळला आणि जेवण झाल्यावर आमचे हे लवंडतात तसा पडून राहिला.

बरं, एवढी घाई कसली, तर मास्तरांचे दोस्त, कोपऱ्यावरचे सलूनवाले दादा. दोघं तरुणपणापासून एकाच तळ्यावर, एकाच दगडावर बसून गळ टाकतात, बोलणं म्हणाल तर दिवसभरात "हूं" आणि "चला". दादांना हल्ली नीट दिसत नाही. महिनाअखेरचा रविवार झाला की ते लेकीकडे कायमचे राहायला चालले, आणि तिकडे पाणी म्हणजे फक्त नळाचं. "जायच्या आधी माझ्या हातचा एक तरी मासा त्याच्या दोरीला सरळ पोहायला हवा, ताई," मास्तर म्हणाले आणि रिकाम्या साच्याकडे बघत बसले. आता असं ऐकल्यावर माणूस घरी स्वस्थ बसेल का? मी रोज जायला लागले. म्हणजे जायला असं नाही, सहज डोकावायला.

आधी वाटलं, ढवळताना बुडबुडे शिरतात. मी म्हटलं, "मास्तर, पाक ढवळतात तसं हळू." हळू ढवळलं, जरा ठेवून दिलं, बुडबुडे एकेक करून वर आले आणि फुटले, झोपलेल्या बाळाच्या ओठांवर फुटतात तसे, आवाज न करता... तरी पोकळी. मग साचा गार पडत असेल म्हणून तो कोमट केला. पोकळी. मग आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल म्हणून मास्तरांनी कानस घेऊन साच्याच्या कडेला केसाएवढे चरे पाडले. पोकळी! आतून त्यांची बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यात आहे तीच उतरतेय त्याच्या पोटात." मी म्हटलं, "असं बोलू नये हो, धीर द्यावा." मी तर रोज धीर द्यायला हजर, बरोबर दाबायच्या वेळी, कारण तो नितळ हिरवा साच्यात शिरतो ना, ते मला चुकवायचंच नसतं.

मग मला भावाकडे जावं लागलं, वहिनीचं ऑपरेशन. आले ती पिशवी ठेवून सहज डोकावले, तर गॅलरीच्या कठड्यावर हिरवे मासे ओळीनं, भरीव, आरपार ऊन गेलेलं, हवेतच पोहत असल्यासारखे. मी म्हटलं, "अगंबाई, जमलं की! काय केलंत?"

मास्तर साचा पुसत राहिले. बायकोच म्हणाली, "बसा. सांगते, पण रागावू नका."

"मी कशाला रागावू?"

"हे प्लॅस्टिक गार होताना आकसतं. म्हणून साचा भरला तरी पिचकारीचा दांडा दाबूनच धरायचा, तोंडाशी गोठेपर्यंत. म्हणजे आकसेल तेवढं वरून आत जात राहतं."

"मग धरायचा की दाबून."

"धरायचे हो हे. पण तुम्ही दारात आलात की यांचा हात सुटायचा. 'या ताई, बसा.' जन्मभर गिऱ्हाईक आलं की हातातली कात्री ठेवून उठायची सवय."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार? तुम्ही एवढ्या कळवळ्यानं विचारायच्या, आज तरी जमलं का म्हणून."

घ्या. म्हणजे हवा माझी.

रविवारी तळ्यावर मीही गेले, एवढा मोठा जेवणाचा डबा त्या दोघांनी कसा नेला असता? पाणी इतकं शांत की ढगच खाली राहायला आलेत असं वाटावं. मास्तरांनी मासा बांधला, दादांनी दोरी सोडली आणि हळूहळू ओढायला लागले, डोळे मिटून.

"सरळ चाललाय," मास्तर कुजबुजले.

"सांगू नकोस. बोटांना कळतंय," दादा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघितलं. मी, बरं का!

तेवढ्यात खालून एक खरा मासा आला, चांगला हातभर. मास्तर श्वास रोखून सांगतायत, "मागे मागे येतोय... या बाजूनं बघतोय... त्या बाजूनं बघतोय... आता अगदी तोंडाशी... गेला."

"लागला नाही?" मी विचारलं.

"छे. नुसता चौकशी करून गेला."

दादांनी डोळे न उघडता विचार केला. "शेजारीच राहत असेल," म्हणाले.

आणि हसले हो दोघं, दगडावरून पडतात की काय इतके हसले. मी डबा उघडला आणि आधी दादांना वाढलं.