गाऊटवाल्याने प्यायचं तरी काय?

नाही, नाही, मला एक सांगा, अंगठा माझा की तुमचा? सुजतो कुणाचा? नुसती चादर लागली तरी बोंब कोण मारतं? मीच ना? मग मी काय प्यायचं ते ठरवायला सगळं गाव कशाला हो?

तुम्हाला सांगतो, पायाच्या अंगठ्याला हा गाऊट, म्हणजे संधिवात, झाल्यापासून आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझं पिणंच काढून घेतलंय. "बिअर बंद, कोर्बिनियान." बरं, बिनदारूची बिअर? "तीही नको, तिच्यानेही युरिक अ‍ॅसिड वाढतं." सफरचंदाचा रस? "साखर!" लेमनेड? "साखरच!" मग पिऊ काय, बाई? "पाणी. भरपूर पाणी." अहो, आमच्या बव्हेरियात पाणी गाईला पाजतात!

बरं, पितो पाणी. पण शनिवारी आमच्या क्विरिनची सत्तरी! पहिलीपासूनचा दोस्त, खानावळीत शेगडीजवळच्या बाकावर आम्ही जन्मभर शेजारी शेजारी बसलोय, म्हणजे उभं राहून त्याच्या नावाने चिअर्स करायचं ते मीच. आणि पाण्याने चिअर्स केलं की समोरचा मरतो, असं आमच्याकडे पक्कं मानतात! क्विरिन आधीच दारात हजर. "कोर्ब्या, पाणी घेऊन उभा राहिलास तर पुन्हा त्या बाकावर बसायचं नाही. जिवावर उठलायस का माझ्या?" म्हटलं, "आणि बिअर प्यायलो तर मी मरतो, त्याचं काय?" तर म्हणतो, "अंगठ्याने कुणी मरत नाही रे!" अरे, अंगठा माझा की तुझा?

घरी बायकोचं, वाल्बुर्गाचं, वेगळंच. "अहो, नुसती ओठाला लावा नि ठेवा." ओठाला लावून ठेवायला ती काय पिपाणी आहे? आणि खरं सांगू... बाकावरची जागा गेली तर? त्या बाकाशिवाय मी संध्याकाळी जाऊ कुठे?

पण पेटलो! शनिवारी तडक खानावळीच्या स्वयंपाकघरात गेलो, मालकिणीला म्हटलं, "रेझी, ताक दे. लिटरभर! त्या झाकणाच्या दगडी मगात, आतलं कुणाला दिसत नाही त्या." ताक डॉक्टरीणबाईंना चालतं, उलट प्याच म्हणतात! उभा राहिलो, क्विरिनच्या मगावर मग आपटला, घटाघटा प्यायलो... आणि मिशी पांढरीफटक! बिअरचा फेस जिरतो हो, ताक कुठलं जिरतंय? सगळ्या टेबलाने एकदम विचारलं, "काय पितोयस तू?" "ताक!" ओरडलोच मी. "पाण्याने माणूस मरतो म्हणता, ताकाने कोण मेलंय? दाखवा! अंगठा माझा की तुमचा?"

क्विरिन लालबुंद. उठला, थेट माझ्या अंगावर आला... म्हटलं, संपलं, गेला बाक. तर त्याने माझाच मग हिसकावला, मोठा घोट घेतला आणि कानात पुटपुटला, "मलाही झालाय रे... बायकोलासुद्धा बोललो नाही. एक मागव ना. पण झाकणाचा!"

आता काय विचारता! बाकावर सगळ्यांपुढे दगडी मग, झाकणं बंद, जो तो घोट घेतला की आधी मिशी पुसतो, एकाच्याही मगात बिअरचा थेंब नाही... आणि 'ताकवाला' म्हणून गावात नाव कुणाचं पडलंय? माझं एकट्याचं!