त्र्याण्णवचा फ्लेक्स

कुळगावात क्लासचा तो फ्लेक्स लागलाय ना, त्यावर माझा फोटो का नाही, ते ऐका. गेल्या वर्षी सीईटीला मला एक्केचाळीस पर्सेंटाइल पडले. मी क्लास सोडला आणि वर्षभर घरीच जुने पेपर सोडवले. यंदा त्र्याण्णव! लगेच क्लासच्या सरांचा फोन आला. "फोटो पाठव, फ्लेक्सवर टाकतो. फक्त पर्सेंटाइल पंच्याहत्तर लिहू."

"का?"

"अगं, एक्केचाळीसवरून डायरेक्ट त्र्याण्णव? लोक म्हणतील, पोरीने कॉपी केली."

धाकधूक मलाही तीच होती. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि डोकंच सटकलं. म्हटलं, "सर, कमी कशाला करता? दोन्ही आकडे छापा. एक्केचाळीसच्या खाली तुमच्या क्लासचं नाव टाका, त्र्याण्णवच्या खाली माझं."