बंदीच्या दिवसांतले जिताडे

जबाब. दिनांक १३ जुलै, शनिवार, दुपारी.

नाव जाईबाई रामू घाडीगावकर. वय ५७ वर्षे. धंदा जेवणाच्या ऑर्डरी घेणे. राहणार दुसरा मजला, कुर्लेकर चाळ, चिंचपोकळी, मुंबई.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मला येथे कोणी बोलावलेले नाही. बोलावले आहे ते माझी मुलगी अक्षदा हिला. ती आत्ता या खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसली आहे. तिच्यावर मासे चोरल्याचा आळ आहे. ते मासे कोठे गेले ते मला माहीत आहे, कारण ते मी रांधले. म्हणून मी आपण होऊन आले आहे.

माझे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि मागोमाग तेही गेले. तेव्हापासून मी मासळीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. लालबाग-परळात माझ्या हातचे कालवण न खाल्लेले घर थोडे असेल, हे मी बढाई म्हणून नाही, ओळख म्हणून सांगते. त्याच कालवणावर मी अक्षदाला रत्नागिरीला ठेवून मत्स्यशास्त्र शिकवले.

सरकारने नदी आणि मासळी वाचवण्यासाठी प्रोत्साहन निधी काढला, त्यातून माहीमच्या खाडीलगत एका संस्थेला मत्स्यबीज केंद्र मिळाले. संस्थेचे अध्यक्ष श्री. कमलाकांत धैर्यवान. केंद्रात जिताड्याची पिल्ले तयार करायची, बोटाएवढी झाली की खाडीत सोडायची, आणि त्यांना राहायला जागा व्हावी म्हणून नदीचा काठ साफ करून तेथे कांदळाची झाडे लावायची, अशी योजना आहे. अक्षदा तेथे कंत्राटावर कामाला लागली. तिला कोणाचीही ओळख लागली नाही. पेपरात जाहिरात आली, तिने अर्ज केला, तिला घेतले. मी त्या दिवशी चाळीत पेढे वाटले.

केंद्र मी बाहेरून एकदा पाहिले आहे. दाराशी कमान एवढी मोठी की नाकापेक्षा मोती जड. टाक्यांवर मात्र छप्पर नव्हते. छपराचे पुढच्या हप्त्यात बघू, असे मुलीला सांगण्यात आले. तिने माझ्या जुन्या साड्या नेल्या आणि टाक्यांवर सावली बांधली. काठावरची कांदळाची रोपे कुंडीसकट पुरली होती, म्हणजे पाहणी झाली की उपटून दुसरीकडे दाखवायला बरी. हे शेवटचे मी पाहिले नाही, मुलीने सांगितले. ऐकीव म्हणून लिहावे.

केंद्रात चार मोठ्या माद्या होत्या. अक्षदा त्यांना 'आया' म्हणायची. हा मासा लहानपणी नर असतो आणि वाढून वाढून मादी होतो, त्यामुळे अशी मादी पैसे टाकून कोणी आणून देत नाही, वर्षे घालवावी लागतात, हे तिने मला जेवताना इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले. त्यांच्या पोटात अंडी भरली होती. येत्या पुनवेला त्या अंडी घालणार होत्या. मुलगी पंचांग बघायला लागली म्हणून मला वाटले होते की लग्नाचे मनावर घेतले.

नोकरी लागल्यापासून तिने जिताडा खाणे सोडले. मी कारण विचारले तर म्हणाली, "आये, जेंका मी माझ्या हातान खाऊक घालतंय, त्येंका मी कशी खाऊ?" मला तिचे हे लाड पटले नाहीत. मी म्हटले, "तुझ्या बापाशीन जल्मभर कापड विणल्यान, म्हणान काय तो उघडो फिरलो?" ती हसली, पण खाल्ले नाही.

सोमवारी हितेंद्र माझ्याकडे आला. हा आमच्याच चाळीत वाढलेला, कोणा ना कोणा साहेबाची गाडी चालवतो. हल्ली तो कोणाकडे आहे हे मी विचारले नाही. तो म्हणाला, "मावशी, बुधवारी दादरला हॉलमध्ये मोठ्या लोकांचं जेवण आहे. दिल्लीचे पाहुणे आहेत. जिताडाच पाहिजे." मी म्हटले, "मासेमारीची बंदी चालू आहे रे. होड्या काठाला लागल्यात, जिताडा काय तुझ्या डिकीतून काढू? बर्फातली सुरमई घे." तो म्हणाला, "मासा आमचा. तू फक्त बनव. नाव तुझंच सांगितलंय मी." नाव माझेच सांगितले म्हटल्यावर मी पुढे काही विचारले नाही.

बुधवारी सकाळी त्याने थर्माकोलच्या पेटीतून चार जिताडे आणून दिले. मी इतकी वर्षे मासळी घेते, पण पावसाळी बंदीत असा ताजा मासा मी पाहिला नव्हता. गलफडे लालभडक, डोळे जिवंत असल्यासारखे. मला आनंद झाला. खोटे सांगत नाही, मला फार आनंद झाला. कोठून आणले विचारले तर हितेंद्र म्हणाला, "सरकारी ओळख आहे." मी त्याला चहा दिला.

मला विचारण्यात आले की, मुलीच्या केंद्रातले मासे तुम्ही ओळखले कसे नाहीत. त्यावर सांगते की, ती मला मोबाईलवर टाकीतल्या माशांचे फोटो दाखवायची आणि मी "हां हां" म्हणायची. विळीखाली आलेला मासा मी हजारात ओळखीन. पाण्यातला मला ओळखता येत नाही. पाण्यातला मासा मी कधी विकत घेतला नाही.

मासे मी आणि माझ्याकडे कामाला असलेली सुंदराबाई अशा दोघींनी कापले. चारही माद्या निघाल्या. प्रत्येकीच्या पोटात गाभोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन दोन जाड पट्ट्या होत्या. सुंदराबाई म्हणाली, "बाय, लक्षुमी इली घरात." मीही हात जोडले.

पाठीच्या काट्याजवळ तुकडा करताना विळीला काहीतरी कडक लागले. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची बारीक नळी होती. पाहुण्याच्या दातात गेली असती तर माझे नाव मातीत गेले असते. म्हणून मी बाकीचे मासेही चाचपले. पहिली धरून तीन माशांत तीन नळ्या सापडल्या. चौथ्यात सापडली नाही. हितेंद्रच्या नाकासमोर धरून त्याला चांगली सुनवायची, म्हणून मी त्या नळ्या धुऊन हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. ती डबी मी आज आणली आहे व टेबलावर ठेवली आहे.

जेवण घेऊन मी स्वतः दादरच्या हॉलवर गेले. तेथे मागे मोठा फलक होता, त्यावर निळी नदी आणि उडी मारणारा मासा. खाली संस्थेचे नाव वाचले तेव्हा कळले की हे माझ्या मुलीच्या संस्थेचे जेवण आहे आणि पाहुणे म्हणजे निधीची पाहणी करायला आलेली समिती. अक्षदा तेथे नव्हती. तिला आदल्या दिवशीच अलिबागला प्रशिक्षणाला पाठवले होते. मला वाटले, काय योग आहे. मी श्री. धैर्यवान यांना जाऊन म्हटले, "साहेब, अक्षदा माझी मुलगी." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, आमच्याकडे सगळी घरचीच माणसं." सगळे हसले. मीही हसले.

आमच्यात मोठ्या माशाचे डोके मानाच्या पाहुण्याला वाढतात. मी तसे वाढले. श्री. धैर्यवान यांनी मुख्य पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या ताटासह फोटो काढून घेतला. तो संस्थेच्या ग्रुपवर त्यांनीच टाकला आहे. पाहुण्यांनी गाभोळी दोनदा मागून घेतली. एकाने मला हिंदीत विचारले की हा मासा तुमच्या नदीत मिळतो का. मी म्हटले, पूर्वी मिळायचा, आता तुम्ही आलात, पुन्हा मिळेल.

त्या पंगतीला बंदोबस्तावरचे दोन पोलीसही बसले होते. मी त्यांना ओळखते. ते कोण हे सांगितल्यावर, ही बाब तपासाशी संबंधित नाही, असे मला सांगण्यात आले.

माझ्या सासूपासून घरात रीत आहे की घरच्या विळीवर गाभोळी निघाली तर पहिला तुकडा लेकीचा. ऑर्डरीचा मासा मी घरी नेत नाही, पण गाभोळीचा एक तुकडा नेते. त्याप्रमाणे मी तो डब्यात घालून घरी नेला. यापुढे काय झाले ते मी प्रथम सांगितले नव्हते. ते पुढे सांगते.

गुरुवारी अक्षदा केंद्रावर गेली आणि दुपारीच घरी आली. मोरीशी जाऊन तोंड धुतले, पुन्हा धुतले. म्हणाली, टाकी रिकामी आहे, चारही आया गेल्या. मी विचारले, कोणी नेल्या असतील तर ओळखायच्या कशा. ती म्हणाली की प्रत्येकीच्या पाठीत एक चिप घातलेली आहे, तांदळाएवढी, मशीन फिरवले की नंबर येतो. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. हळदीची डबी माझ्या समोर होती. मी तिला काही बोलले नाही.

शुक्रवारी श्री. धैर्यवान यांनी तक्रार दिली की किल्ली अक्षदाकडे होती व तिने मासे बाहेर विकले. किल्ली तिच्याकडे एक होती. दुसरी त्यांच्याकडे आहे. कॅमेरे दुरुस्तीला गेले आहेत, ते मंगळवारी गेले. आधीच्या वर्षभरात त्यांना काही झाले नव्हते. मासे त्यांनी खायचे, खाऊ घालायचे, खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा आणि गुन्हा माझ्या पोरीवर. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. हितेंद्रला मी कालपासून फोन करत आहे. तो उचलत नाही. त्याची आई म्हणते, गावाला गेला.

मी पोलीस उपनिरीक्षक मेघना मॅडम यांना सांगितले की, केंद्राच्या ऑफिसात चिप वाचायचे मशीन आहे, ते मागवा आणि या तिन्ही नळ्यांवर फिरवा. चौथी नळी सापडत नसेल तर ते मशीन समितीच्या पोटांवरून फिरवा. हे शेवटचे वाक्य लिहू नका असे टंकलेखन करणाऱ्या हवालदारांना सांगण्यात आले. मी म्हटले, जबाब माझा आहे, लिहा. मॅडमनी लिहू दिले.

त्यानंतर मॅडमनी मला विचारले, "जाईबाई, तुम्ही म्हणता मासे हितेंद्रने आणले. साक्षीला तुमच्याकडचीच कामवाली. तक्रारदार म्हणतील, मुलीनेच आईला आणून दिले आणि आईने रांधून विकले. मुलीला माहीत नव्हतं, हे मी कशावरून धरू?"

मॅडमनी पाणी मागवले. मी म्हटले, सांगते, पण दार लावा. दाराची कडी मोडली आहे, ते लागत नाही, असे कळले.

त्यावर सांगते की, बुधवारी रात्री अक्षदा अलिबागहून दमून आली. मी तिच्या ताटात तळलेली गाभोळी वाढली. तिने हात मागे घेतला आणि विचारले, "कसली?" जिताड्याची म्हटले असते तर तिने ताट सरकवले असते. मला वाटले, पोरगी वाळत चालली आहे, आणि एवढी चांगली वस्तू, तिचा मानाचा तुकडा, एका खुळापायी वाया जाणार. म्हणून मी म्हटले, "रावसाची आसा. बर्फातली. गप खा." ती माझ्यावर विश्वास ठेवते. तिने सगळी खाल्ली. ताट बोटाने पुसून घेतले. म्हणाली, "आये, अशी गाभोळी मी जल्मात खाल्लंय नाय." आणि मग मोबाईल काढून मला त्या आयांचाच फोटो दाखवला, की बघ, पोटे कशी भरली आहेत, पुनवेला बघ आता.

तिला माहीत असते तर तिने तो घास तोंडात घातला असता का, ते तुम्हीच सांगा. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. हाच आहे.

मी मॅडमना विनंती केली की, गाभोळीचा भाग काढून टाकावा, मासे मी रांधले एवढे पुरे आहे. मॅडम म्हणाल्या, "मावशी, बाकी सगळं काढलं तरी चालेल. पोरगी सुटेल ती याच भागावर." त्यावर मी तो भाग राहू द्यावा असे सांगितले.

माझ्या मुलीने एकही मासा चोरलेला नाही. ते मासे ज्यांनी पंगतीला दिले त्यांना ते कसले होते हे माहीत होते. ज्या दोघी मायलेकींना माहीत नव्हते त्यातली एक मी आहे.

वरील जबाब टंकलिखित करून मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. हळू वाचावा अशी मी विनंती केली. हवालदारांनी सांगितले की, बाहेर रस्त्याचा आवाज आहे, हळू वाचले तर तुम्हाला ऐकू येणार नाही आणि सही ग्राह्य धरता येणार नाही. त्यांनी तो मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. रावसाची आसा येथपर्यंत आले तेव्हा दाराबाहेरचा बाक सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिले नाही. जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात चूक नाही.

सही
जाईबाई रामू घाडीगावकर