बायकॉट नावाचा माणूस

येडी मी, दुसरं काय! इंग्रजी शब्द कानावर पडला की कुठंतरी वापरल्याबिगर मला चैन पडत न्हाई, अन् ह्या टायमाला वापरला तो डायरेक्ट थोरल्या जावंवर... तुमाला सांगते, आमच्या नांदूरघाटला उन्हाळ्यात पापड एकटीनं कुणी लाटत न्हाई, आज हिच्या दारात, उद्या तिच्या, अशी पाळी आसती. तर माझ्या पाळीला साखराबाईनं, म्हंजे माझ्या जावंनं, माझा पापड उजेडाला धरला अन् सगळ्या बायांदेखत म्हणली, "मनकर्णा, भाकरी बरी जमली." बाया हसल्या. मला काय वाटलं न्हाई. निसतं दुसऱ्या दिशी बाकीच्या बायांला म्हणलं, हिला बायकॉट करू. हिच्या पाळीला जायचं न्हाई, हिला बोलायचं न्हाई. शब्दच असा वजनदार, की शेजारच्या छबुबाईनं अर्थ बी इचारला न्हाई, लगीच हो म्हणली, अन् तिच्यामागं समद्याच.

झालं! आमची भिंत एकच. पलीकडं तिचं एकटीचं लाटणं दिवसभर ऐकू येतंय... मधीच थांबतंय, परत सुरू. मला काय वाटलं न्हाई, बरं का. जेवण तेवढं जाईना. कालवणाची वाटी घेऊन सवयीनं भिंतीपशी जाते अन् उगंच उभी राहते, कशाला आले तेच आठवत न्हाई.

म्हणून कालिजातल्या पोरीला, बबिताला, इचारलं, ह्या शब्दाचं मूळ काय गं? तिनं मोबाइल बघितला अन् म्हणली, आई, हे माणसाचं नाव हाय. आता बोला! कप्तान बायकॉट, तिकडं आयर्लंडात एका जमीनदाराचा कारभारी. पीक बुडालं, कुळं म्हणली खंड कमी करा, तर ह्यो उलट त्यांलाच जमिनीवरून हाकलाया निघाला. मंग लोकांनी त्याला बोलणंच सोडलं. गडी गेले, दुकानदार माल देईना, टपालवाला टपाल देईना, रानातलं पीक काढाया बाहेरून माणसं आणली अन् त्यांला राखाया पलटण! शेवटी गेला देश सोडून. नाव तेवढं मागं राहिलं, क्रियापद व्हून...

म्हणलं, त्यानं कुळं हाकलली. साखराबाईनं काय केलं? पापड जाड हाय म्हणली. अन् जाड व्हताच की वो! उद्या गावात कुणी कुणाला बोलेना झालं, की लोक म्हणतील, हिला साखराबाई केलं. माझ्या सख्ख्या जावंचं नाव! तरी बी मला काय वाटलं न्हाई... पाय तेवढे आपसूक निघाले.

तिच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून समदं सांगितलं, कप्तान, कुळं, पलटण, समदं. ती लाटत व्हती, मान वर केली न्हाई. रस्त्यावरून छबुबाई अन् आणिक दोघी माझ्याकडंच बघत थांबलेल्या.

"बाई, बोला की," म्हणलं.

"आता तुझ्यासंगं बी कुणी बोलायचं न्हाई," ती म्हणली. "चप्पल बाहीर काढ, आत्ताच पुसलंय."