शेकड्यामागचा एक रुपया

उदगीरच्या डाळबाजारातले गुंडप्पा शेटे. गुंडप्पांचे चिरंजीव शिवमूर्तप्पा. शिवमूर्तप्पांचे चिरंजीव बसवंतप्पा. तिन्ही पुरुषांनी कधी मापात पाप केले नाही, कोणाचा रुपया बुडवला नाही. तीन पिढ्यांचे पुण्य असे साचत साचत आले, आणि — मंडळी, सावरून बसा! — बसवंतप्पांच्या पोटी शांतवीर जन्माला आले. आणि शांतवीरांनी काय केले? क्रेडिट कार्ड घेतले!

हसू नका. हसणाऱ्यांच्या खिशात दोन-दोन आहेत, हे या व्यासपीठाला ठाऊक आहे!

आता आजचा प्रश्न ऐका. जगात फुकट म्हणून काही मिळते काय? आणि मिळत असेल, तर त्याचे मोल कोण भरतो? उत्तराची घाई नको. घाईने उत्तर देणारा मनुष्य घाईनेच सही करतो!

या शेट्यांच्या घराण्यात एक रिवाज होता. कोणाचाही हिशेब चुकता करताना शेकड्यामागे एक रुपया मागे ठेवायचा. लाखाचे देणे असेल तर नव्याण्णव हजार द्यायचे आणि हजार बाकी ठेवायचे. का? तर पुरते फेडले म्हणजे नाते तोडले! बाकी असली की समोरचा पुन्हा पायरी चढतो, बसतो, चहा घेतो, लेकीसुनांची चौकशी करतो. पुढच्या सौद्यात मागची बाकी जिरते. किती गोड रिवाज! माणसांच्या बाजारात शोभणारा!

शांतवीरांनी तो बँकेशी पाळला.

हो! दर महिन्याला कार्डाचे बिल येई. बारदानाची खरेदी, विजेचे बिल, टेम्पोचे टायर, मुलांची फी, सारे कार्डावर. बिल साधारण दोन लाखांचे. शांतवीर मोठ्या आदबीने शेकड्यामागे एक मागे ठेवीत आणि बाकीचे भरीत. बँकेशी सोयरीक टिकावी म्हणून! अहो, बँक काय संक्रांतीला तिळगूळ घेऊन येणार होती?

बरे, बिलात 'वित्त आकार' नावाची एक ओळ असे. ती शांतवीरांना दिसत नव्हती काय? दिसत होती. परंतु आयुष्य बाजार समितीत गेलेले! तिथे प्रत्येक हिशेबपट्टीत हमाली असते, तोलाई असते. त्यांना वाटले, ही बँकेची तोलाई. एवढे पैसे तोलायचे म्हणजे बिचारीला कष्ट पडत असतील!

आणि कार्डावरच्या खरेदीवर मिळणारे पॉइंट? वाहवा! पॉइंटांवर कुकर आला. पॉइंटांवर चाकांची बॅग आली. भाकरी खाणाऱ्या घरात पाव भाजायचे यंत्र आले! एकदा तर कार्ड दाखवले की हैदराबादच्या विमानतळावर दोन रुपयांत पोटभर जेवण मिळते असे समजले. आत जायला तिकीट लागते, म्हणून शांतवीरांनी विमानाचे तिकीट काढले! दोन रुपयांची इडली खाऊन मुंबईला गेले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले. बाजारभर सांगत फिरले, "दोन रुपयांत जेवलो!" मंडळी, बुद्धी विकत मिळत नाही, तिच्यावर पॉइंटही मिळत नाहीत!

अशी दोन वर्षे गेली. कुकर चकाकत होता आणि गल्ला कोरडा पडत होता. शांतवीरांना कळेना. माल तोच, गिऱ्हाईक तेच, मग बरकत गेली कुठे? कधी तुरीच्या भावाला दोष द्यावा, कधी मुनिमाला. एकदा तर दुकानाचे दारच वास्तुशास्त्राप्रमाणे सरकवून घेतले. खर्च अर्थातच कार्डावर!

अशात एका शनिवारी देगलूरहून त्यांची थोरली बहीण महानंदा आली. सारे तिला अक्का म्हणत. सहा वर्षांपूर्वी वादळात गोदामाचे पत्रे उडाले, तेव्हा या अक्काने आपल्या साठवणीतले दोन लाख रुपये भावाच्या हातावर ठेवले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. सहा वर्षांत तिने एकदाही तोंड उघडले नव्हते. आज उघडले.

"शांतू, गिरिजाला नर्सिंगला नंबर लागलाय. सोमवारी फी भरायची हाय. नाही भरली तर जागा दुसरीला जातीय."

या भाचीला शांतवीरांनी खांद्यावर खेळवले होते. परंतु गल्ल्यात काय होते? आणि गोदामातली तूर? ती भाव चढेल म्हणून धरून ठेवलेली! ते म्हणाले, "अक्का, यंदा धंद्यात दम नाही बघ. दिवाळीपर्यंत थांब की."

"कॉलेज थांबतंय का दिवाळीपर्यंत?"

मग या महापुरुषाने काय म्हणावे? "मग असं कर, माझ्याकडं पॉइंट हायेत. तुला मिक्सर मागवून देतो!"

अक्काने हातातली पिशवी खाली आदळली. "मिक्सर भरू का रे फी म्हणून? पोरगी सुई टोचायला शिकायलीय, चटणी वाटायला नाही!"

माजघरातून शांतवीरांच्या मातोश्री बाहेर आल्या. भागीरथीअव्वा. वय ब्याऐंशी, कणा ताठ, आणि आवाज असा की बाजारातला लिलाव थांबावा! त्या काही बोलणार, तोच शांतवीरांचा फोन वाजला. बँकेची मुलगी होती.

"नमस्कार सर, मी रेवती बोलतेय. तुम्ही आमचे अतिशय खास ग्राहक आहात. तुमच्या कार्डाची मर्यादा आम्ही दुप्पट करत आहोत!"

शांतवीरांची छाती फुगली. "ऐकलंस अव्वा? खास ग्राहक!"

अव्वांनी हात पुढे केला. "दे इकडं. मोठ्यानं लाव." आणि फोनला म्हणाल्या, "बाई, मी याची आई बोलायलेय. माझं पोरगं खास कशानं झालं, तेवढं सांग."

"आजी, सर नियमित पैसे भरतात ना."

"नियमित भरणारे गल्लीत पन्नास हायेत. त्यांना का नाही फोन?"

मुलगी गडबडली. "तसं नाही आजी... सर पूर्ण रक्कम भरत नाहीत. थोडी बाकी ठेवतात. मग व्याज लागतं."

"त्या थोड्या बाकीवर ना?" शांतवीर मध्येच म्हणाले. "दोन हजारांवर असं कितीसं लागणार?"

"नाही सर. बिल पूर्ण भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. बाकी ठेवली की प्रत्येक खरेदीवर, खरेदी केल्या दिवसापासून व्याज धरतात. नव्या खरेदीवरसुद्धा. महिन्याला साडेतीन टक्के."

शांतवीरांनी वळून कुकरकडे पाहिले. कुकर चकाकतच होता!

अव्वांनी विचारले, "बाई, मग तुमचे पॉइंट पदरात पडावेत आणि व्याज पडू नये, असं कोणी करतंय का?"

मुलीचा आवाज खाली आला. "करतात की आजी. जे घ्यायचंच होतं तेवढंच कार्डावर घेतात. त्यावर रोख पैसे काढत नाहीत. आणि तारखेच्या आत पैन् पै भरतात. पूर्ण रक्कम आपोआप कापून जाईल, अशी सोय असते."

"अशांना काय म्हणता तुम्ही?"

"अशांना... आम्ही सहसा फोन करत नाही, आजी."

"गुणाची गं माझी बाई!" अव्वा म्हणाल्या. "मर्यादा वाढवू नको. सुखी राहा."

फोन ठेवला. शांतवीरांनी बोटांवर हिशेब मांडला. महिन्याला सात-आठ हजार, वर सरकारचा कर. दोन वर्षे. बोटे थांबली. जवळजवळ दोन लाख! आणि हाती आलेले पॉइंट? बारा हजार रुपयांचे, तेही कुकर धरून! वाटले, धरणी दुभंगावी. पण धरणी कसली दुभंगते! तिच्यावर नुकत्याच कार्डावर घेतलेल्या फरश्या बसवल्या होत्या!

"अव्वा," ते कसेबसे म्हणाले, "मी तर आपला रिवाज पाळला."

"रिवाज?" अव्वा कडाडल्या. "तुझे आजे बाकी ठेवायचे, तिला व्याज नव्हतं! ती बाकी मागायला माणूस घरी यायचा, पाटावर बसायचा. तुझ्या लग्नात पंगती कोणी वाढल्या? त्याच बाकीवाल्यांनी! ही बँक येणार हाय का माझ्या तिरडीला खांदा द्यायला? ऊठ! आधी बँकेची बाकी मिटव. मग गोदाम उघड."

"अव्वा, तुरीला पंधरा दिवसांत भाव..."

"पंधरा दिवसांनी भाव येईल, पोरीची जागा येईल का?"

मंडळी, ऐका! आता नजर शांतवीरांवरून काढा आणि स्वतःकडे वळवा. तुम्हांला वाटते, हा उदगीरचा एक भोळा. आणि तुम्ही? 'किमान देय रक्कम' असे लिहिलेले असते, तेवढी भरून रात्री सुखाने झोपणारे या मंडपात किती आहेत? पाच टक्के सवलतीसाठी नको ती वस्तू घरी आणणाऱ्या ताई कुठे बसल्या आहेत? मान खाली घालू नका, मोजता येत नाही! कार्ड वाईट नाही. विळीही वाईट नाही. भाजी चिरायची असेल तर घ्यावी, विळी घरात आहे म्हणून बोट चिरू नये! खरेदी गरजेपुरती, आणि मुदतीआधी फेड पूर्ण — एवढे ज्याला जमते, त्याने पॉइंट खुशाल घ्यावेत, ते त्याच्या शिस्तीचे आहेत. ज्याला जमत नाही, त्याने समजावे की शेजाऱ्याचा कुकर आपल्या व्याजातून येतो! हेच ते मोल, आणि हाच तो भरणारा!

इकडे शांतवीरांनी बिलासाठी राखलेल्या पैशांत गल्ल्यातले होते नव्हते ते घालून त्याच बैठकीत बँकेची बाकी शेवटच्या पैशापर्यंत भरली. मागून एक व्याजाचे शेपूट येईल म्हणून तेही विचारून बाजूला काढले. मग गोदामाचे शटर वर गेले. पडत्या भावात, भरल्या डोळ्यांनी, त्यांनी तूर विकली. शेजारचा अडत्या हसून म्हणाला, "शेटजी, पंधरा दिवस धीर धरला असता!" शांतवीरांनी घासाघीस न करता नोटा मोजून घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदाच!

सोमवारी सकाळी त्यांनी अक्कासमोर नोटांच्या गड्ड्या ठेवल्या. पाचशेच्या चार असायला हव्या होत्या. अक्काने पाहिले, शेवटची गड्डी फोडलेली होती.

"दोन हजार मागे ठेवलेत, अक्का," शांतवीर अडखळत म्हणाले. "शेकड्यामागे एक. तू येत राहावीस म्हणून."

अक्काने कपाळावर हात मारला, पण तिचे डोळे भरून आले होते. "येड्या! राखीला कोणत्या बाकीपायी यायलेय मी? टाक ते दोन हजार. पोरीच्या गणवेशाला लागतेत."

शांतवीरांनी खिशात हात घातला आणि राहिलेल्या चार नोटा बहिणीच्या हातावर ठेवल्या. अक्काने त्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि ती बसस्टँडकडे निघाली. पुरे दोन लाख घेऊन.