धक्क्यावरचा म्हातारा

ताई : दांडीचा स्क्रू सैल झालाय म्हणून आले. दुसरं काही नाही.

धाकटी : ऑफिसच्या वेळेत?

ताई : चष्मा काय वेळ बघून घसरतो?

धाकटी : आण इकडे. स्क्रू चांगला घट्ट आहे, ताई.

ताई : मग दुसऱ्या बाजूचा असेल.

धाकटी : तोही घट्ट आहे. रविवारी मीच आवळून दिलाय. भांडायला आलीस ना? मालक जेवायला गेलेत, दुकानात कुणी नाही. घे भांडून.

ताई : भांडू कशाला? अभिनंदन करायला आले. इतकी वर्षं मी त्या कंपनीत गेम तपासते. दिवसभर गेममधल्या भिंतींना धडका मारत बसते, कुठून आरपार जाता येतं का बघायला. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, कथा लिहिणाऱ्यांकडे जागा निघाली. मी अर्ज केला. मुलाखत दिली. आणि जागा कुणाला? माझ्या सख्ख्या बहिणीला! चष्मे विकणारीला!

धाकटी : मिळाली नाहीये अजून. त्यांनी विचारलंय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

ताई : मग? काय कळवणार आहेस?

धाकटी : तुला विचारल्याशिवाय काहीच नाही.

ताई : फार उपकार झाले. अगं, मी तुला तिथे नेलं कशाला होतं? बाहेरच्या लोकांकडून नवा गेम खेळवून बघत होते, एक माणूस कमी पडत होता म्हणून. खेळायचं, बिस्किटं खायची आणि घरी यायचं. एवढंच काम होतं!

धाकटी : तेच केलं की. मग कथा लिहिणाऱ्यांच्या मोठ्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, लहानपणापासूनचे तुमचे आवडते गेम सांगा. मी लागले सांगायला.

ताई : आणि थांबलीच नाहीस! अख्खा मजला गोळा झाला होता म्हणे. मला चहावाल्याकडून कळलं. "तुमची बहीण काय बोलते हो!" मी तिथे इतकी वर्षं बोलतेय, माझं नाही कुणी कौतुक केलं.

धाकटी : अगं पण विषयच तसा होता ना! भुताच्या बंगल्याचा सांगितला. तो सगळ्यात भारी का, तर भूत दिसतच नाही. दार उघडलं की संगीत बंद. बस्स. तेवढ्यावर माझी बोबडी वळायची. हल्ली बघ, दर दोन मिनिटांनी राक्षस अंगावर सोडतात, कंटाळा येतो. मग शेतीचा सांगितला. त्यात आपण न मागता पाऊस पडायचा, आपण पाणी घालून दमल्यावर! असा चिडवणारा पाऊस पुन्हा कुठल्या गेममध्ये आलाच नाही. मग गाड्यांचा...

ताई : गाड्यांच्या गेममधलं तुला काय कळतं? वळणावर गाडीचं वजन कसं एका बाजूला जायचं, ते बोटांना कळायचं. माझ्या बोटांना! आणि त्या टोपीवाल्या माकडाची उडी? हवेत असताना अगदी किंचित वळता यायचं. तेवढ्या किंचित वळण्यासाठी तो गेम मी तीनदा संपवला. हे सांगितलंस का?

धाकटी : नाही. हे मला माहीतच नव्हतं.

ताई : कसं असणार? रिमोट माझ्या हातात होता. तू एकही गेम खेळली नाहीस. एकही! तू शेजारी फतकल मारून बसायचीस आणि कुरमुरे खायचीस. "माझे आवडते गेम" म्हणे! जीभ कशी रेटली?

धाकटी : तिथे बसताच पहिल्यांदा तेच सांगितलं मी. म्हटलं, मी खेळले नाही, ताई खेळायची, मी बघायचे.

ताई : असं सांगितलंस?

धाकटी : मग काय खोटं बोलू? मॅडम म्हणाल्या, चालेल, बघितलेलं सांगा.

आजोबा : येऊ का आत? माझा वाचायचा चष्मा तयार झाला का, बाई?

धाकटी : या आजोबा, बसा. दोन मिनिटांत देते. ही माझी मोठी बहीण.

आजोबा : बाहेर ऐकू आलं. चालू द्या तुमचं, मला कुठं गाडी पकडायचीय.

ताई : सगळे गेम घे. भुताचा घे, शेतीचा घे. पण धक्क्यावरचा म्हातारा माझा होता. तो का सांगितलास? मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनेही अगदी तेच वाक्य सांगितलं." चोरलंस तू माझं!

आजोबा : कोण म्हातारा?

ताई : अहो, एक गेम होता. एक मुलगी आणि तिचं कोकरू. डोंगर उतरून नदीवर येतात. धक्क्यावर एक म्हातारा होड्या भाड्याने देतो. होडी एवढीशी, एकाचीच जागा. कोकराला मागे ठेवून जावं लागतं. आणि तो म्हातारा म्हणतो, "तू बिनघोर जा. तू येईपर्यंत मी ह्याच्याशी तुझ्याच गोष्टी करत बसतो." बास. एवढंच. मी हजारो गेम पाहिले, आजोबा, पण असं वाक्य कुणी लिहिलं नाही. मुलाखतीत मी तेच सांगितलं.

आजोबा : छान आहे की.

ताई : छान कसलं! मॅडमनी दुसऱ्या दिवशी तो जुना गेम शोधून काढला. ते वाक्य त्यात नाहीच! मला वाटलं ह्यांनी दुसराच काढला असेल. सुट्टी टाकून घरी बसले, पहिल्यापासून खेळले. धक्क्यावर आले. म्हातारा म्हणतो, "होडी हवी?" आणि खाली दोन बटणं, "हो" आणि "नाही." बस्स! मॅडमना वाटलं मी थाप मारली. मला वाटलं माझं डोकं फिरलं. आणि मग कळतं की हिने जाऊन तेच वाक्य सांगितलं, आणि हिला नोकरी!

धाकटी : ताई, ते वाक्य तिथे नव्हतंच कधी.

ताई : तेच तर म्हणतेय मी!

धाकटी : मी सांगितलेलं ते.

ताई : म्हणजे?

धाकटी : परकी भाषा होती. अक्षरं भराभर पळायची. तुझे डोळे कोकरावर, अंगठा बटणावर, आणि तू ओरडायचीस, "वाच गं, काय म्हणतोय तो?" मला एखादा शब्द लागायचा. बाकीचं मी ठोकून द्यायचे.

ताई : तू त्या विषयात वर्गात पहिली यायचीस!

धाकटी : वर्गात पुस्तक एका जागी राहतं.

ताई : थांब. तो बंगल्यातला डॉक्टर? "औषध आहे, पण ते घेणारा कुणी उरला नाही," असं म्हणणारा?

धाकटी : मीच.

ताई : गाड्यांच्या गेममधला मेकॅनिक?

धाकटी : त्या गेममध्ये कुणी बोलतच नाही, ताई. नुसते आकडे यायचे.

ताई : अगं बाई! "ब्रेकवर भरवसा ठेवू नकोस, माझ्यावर ठेव." हे मी माझ्या गाडी शिकवणाऱ्याला ऐकवलं होतं!

धाकटी : हो, आणि तो घाबरला होता.

आजोबा : मग म्हाताऱ्याच्या तोंडी ते का घातलंत?

धाकटी : काय करणार! ही होडीत बसायलाच तयार नव्हती. कोकराला टाकून जायचं नाही म्हणून गेमच बंद करायला निघाली. डोळ्यांत पाणी. गेम बंद झाला की आई मला अंथरुणात घालणार. म्हणून म्हाताऱ्याला बोलायला लावलं.

ताई : झोपायचं नव्हतं म्हणून?

धाकटी : झोपायचं नव्हतं म्हणून.

ताई : बाबांना ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणत होते. दार बंद झालं तरी म्हणत होते. तू शेजारीच बसली होतीस.

धाकटी : मला कधी बोलली नाहीस.

ताई : तुला काय बोलू? मला वाटायचं, लांब कुठल्या तरी देशातल्या, कुणा शहाण्या लेखकाने लिहिलंय. आणि निघालीस तू! कुरमुरे खाणारी! माझ्याकडे स्वतःचं असं एकच होतं गं, तेही तुझंच निघालं.

धाकटी : ताई...

ताई : हात नको लावूस. हो, जळतेय मी. खोटं कशाला बोलू? अंगठ्याला घट्टे माझ्या पडले, आईची बोलणी मी खाल्ली, आणि गेम खेळलीस तू! मी नुसती बटणं दाबली. अजूनही तेच करते. कुठलाही गेम लावला की आधी भिंतीकडे जाते, ढकलून बघते. आत काय आहे ते मला दिसतच नाही आता.

धाकटी : आणि मी जळले नाही? एकदा तरी रिमोट दिलास? वाढदिवसाला मागितला, तापात मागितला, रडून मागितला!

ताई : पहिल्याच वळणावर मरायचीस तू.

धाकटी : मरू द्यायचंस ना! तुझं ते माकड हवेत वळायचं, आणि मी बाजूला बसून हातपाय वाकडे करायचे. मला वाटायचं, एकदा, एकदाच माझ्या बोटाने वळावं ते. मग नाही मिळालं म्हणून तोंड चालवायला शिकले.

ताई : ते वाक्य तुझंच होतं, हे सांगितलंस का मॅडमना?

धाकटी : सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं वाक्य ऐकून त्यांनी तुझ्या मुलाखतीचं काढलं, तेव्हा म्हटलं, ताईने थाप मारलेली नाही, तिने ऐकलं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, असं का! खूप हसल्या आणि मग थांबून म्हणाल्या, तुम्ही येता का इकडे?

ताई : म्हणजे मला खोटेपणातून सोडवलंस आणि माझी जागा घेऊन आलीस.

धाकटी : घेतली नाही अजून. आत्ता फोन करते, नाही म्हणून सांगते. मला इथे काही कमी नाही.

ताई : तू नाही म्हणालीस, तर मला देतील?

धाकटी : तुझ्या चष्म्याची काच पुसून देते आधी.

ताई : विचारलं असशील तू. मला माहीत आहे ना तुझा स्वभाव. खरं सांग.

धाकटी : विचारलं. बाहेरून कुणीतरी आणतील म्हणाल्या.

ताई : बरं.

धाकटी : पण मी नाही म्हणते ना! निदान तुझं पोट तरी दुखायचं थांबेल.

ताई : नाही थांबायचं. मग रोज वाटत राहील की माझ्यामुळे तू इथे फडक्याने काचा पुसत बसलीस. ते आणखी वाईट. निदान आत्ता राग तरी करता येतो तुझा. लाव फोन.

धाकटी : काय म्हणून सांगू?

ताई : हो म्हण. आणि लवकर लाव, माझं मन फिरायच्या आत. आजोबा, हिच्याकडून चष्मा घेऊन ठेवा तोवर, नाहीतर विसरेल ही.

आजोबा : द्या. आणि फोन लावा, बाई. ह्यांचा चेहरा बघता फार वेळ नाही तुमच्याकडे.

(धाकटी फोन लावते. ताई काउंटरवरच्या आरशाकडे पाठ करून उभी राहते.)

धाकटी : हॅलो, मॅडम? हो, मीच. हो... येते मी. पहिल्या तारखेपासून. ताई? इथेच आहे. हो, सांगते. ठेवते.

ताई : काय म्हणाल्या?

धाकटी : म्हणाल्या, मी लिहिलेलं सगळ्यात आधी तपासायला तुझ्या टेबलावर येईल.

ताई : येऊ दे की. शब्दन् शब्द तपासून बघीन. हातचं काही राखणार नाही, सांगून ठेवते. बहीणबिहीण तिथे चालायचं नाही.

धाकटी : नको चालवूस.

ताई : एकेक चूक काढीन.

धाकटी : काढ. आणि नाहीच सापडली तर?

ताई : तीच तर भीती वाटते गं मला.